देहदान: नुसता फॉर्म भरून भागत नाही

'देहदानाचा फॉर्म भरून ठेवलाय, आता काळजी मिटली' हे वाचलं. घोडं तिथेच तर अडतं! सही तुमची असली तरी वैद्यकीय महाविद्यालयाला फोन करायचा असतो घरच्यांनी, आणि तोही त्या पहिल्या काही तासांच्या रडारडीत. म्हणून ते देहदानाचं कार्ड कपाटात कुलूपबंद ठेवू नका, मुलांना आणि सुनांनाही सांगून ठेवा.

शिवाय देह नाकारलाही जातो, हे फार जणांना माहीत नसतं. शवविच्छेदन झालेलं असेल, एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी असेल, तर महाविद्यालयाचा शरीररचनाशास्त्र विभाग सहसा घेत नाही. अवयव काढले असतील तरी बहुधा नाहीच. नेत्रदान मात्र बहुतेक ठिकाणी चालतं, पण डोळे साधारण ६ तासांच्या आत काढावे लागतात. तोवर पंखा बंद, पापण्या मिटलेल्या, त्यांवर ओला कापूस.

देह स्वीकारला, की पुढे मांडीतल्या किंवा मानेतल्या रोहिणीतून (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीतून) फॉर्मालिन या रसायनाचं द्रावण सोडतात, त्यामुळे देह महिनोन्महिने टिकतो. (त्या वासाने डोळे असे चुरचुरतात, की पहिल्या दिवशी काही वैद्यकीय विद्यार्थी दाराबाहेरच उभे.) विद्यार्थ्यांना शिकायला देह कशाला, स्क्रीनवरच्या त्रिमितीय चित्रांनी काम भागेल म्हणता? चित्रात मज्जातंतू पिवळा आणि रोहिणी लाल रंगवलेली असते. विच्छेदनाच्या टेबलावर दोन्ही करड्याच, बोटाने चाचपूनच ओळखाव्या लागतात.