घरी ओतलेले छर्रे: बचत कसली, शिसं खाण्याचा धंदा

गोदाघाट_१०मी

परवा ग्रुपवर एक लांबलचक पोस्ट फिरली. सार असं: अमेरिकेत लोक घरी प्रेस (दाबयंत्र) लावून काडतुसं भरतात, गोळीचा खर्च अर्ध्यावर आणतात. मग आपण निदान एअर रायफलचे .१७७ चे (४.५ मिमी) छर्रे, म्हणजे पेलेट, तरी का ओतू नयेत? नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत साचा करून घ्या, भंगारातून शिसं आणा, डबीचे पैसे वाचवा. खाली अंगठ्यांचा पाऊस. कोणी एक शब्द विचारला नाही, म्हणून इथे धागा काढतोय.

मुळात तुलनाच चुकली आहे. काडतुसात महाग वस्तू असते पितळी केस, म्हणजे बाहेरचं कवच, आणि ती उडत नाही, हातात परत येते. हँडलोडिंगची, म्हणजे घरी काडतूस पुन्हा भरण्याची, सगळी बचत त्या केसमध्ये आहे: ठिणगी देणारी जुनी टोपी काढा, केस डायमधून (दाबायच्या साच्यातून) मूळ मापात आणा, परत भरा. छर्र्यात परत काय येतं? लक्ष्यामागच्या ट्रॅपमधला (छर्रे अडवायच्या पेटीतला) चपटा ठिपका.

आता हिशोब. ५०० ची डबी, एक पेलेट ०.५३ ग्रॅम, म्हणजे अख्ख्या डबीत शिसं २६५ ग्रॅम. डबीचे पैसे शिशाचे नसतातच, ते मापाचे असतात. तेच माप घरी येणार नाही.

सातपूर_लेथवाला

माप येणार नाही हे कोणी ठरवलं? शंभरावा मिलिमीटर सांभाळणारी डझनावारी वर्कशॉपं सातपूर-अंबडमध्ये आहेत. ४.५० मिमीचा साचा काय घेऊन बसलात. आणि डबी मुंबईहून येते तेव्हा कसारा घाटात इतकी हादरते की झाकण उघडलं की तळाला शिशाची पूड आणि दहातल्या एकाचा स्कर्ट (मागची पोकळ कड) चेपलेला. आयातवाल्यांचे लाड किती दिवस करायचे?

दहा_पॉइंट_नऊ

साचा बरोबर येईल हो, प्रश्न शिशाचा आहे. डायबोलो, म्हणजे मध्ये बारीक कंबरेच्या, पेलेटचा स्कर्ट म्हणजे कागदासारखी पातळ भिंत. आतली पोकळी ठेवायला साच्यात खालून पिन लागते, आणि पिन व भिंत यांच्या फटीत शिसं पोचायच्या आत गोठतं. साचा थंड असेल तर अंगावर सुरकुत्या आणि अर्धवट स्कर्ट. जास्त तापला तर पांढुरका, दाणेदार पृष्ठभाग, आणि साचा लवकर उघडला की चिरा. मधला पट्टा अगदी अरुंद. शिवाय ओतायच्या तोंडाशी उरलेला देठ कापावा लागतो. तो एका बाजूला कणभर जास्त राहिला की गोळीचा तोल गेला, आणि नळीतले आटे (पेचदार खाचा) तिला फिरवणार म्हणजे ती डगमगत जाणार.

म्हणून कारखान्यात पेलेट ओतत नाहीत. शिशाची तार काढतात, तुकडे पाडतात आणि डायमध्ये थंड दाबतात. घरी करायचंच तर ते करा. पण मग तार काढायचा प्रेस, तुकड्यांचं वजन सांभाळणारा कटर, दोन टप्प्यांची डाय. किंमत विचारून या अंबडला.

सातपूर_लेथवाला

मग पोकळ स्कर्ट नकोच. सपाट बुडाची भरीव गोळी ओता. सुटला प्रश्न.

दहा_पॉइंट_नऊ

सुटला नाही, वाढला. मॅच (स्पर्धेची) एअर रायफल साधारण १७० मीटर प्रतिसेकंद देते, ऊर्जा साडेसात-आठ ज्यूल. एवढ्या कमी दाबाला मऊ, पातळ स्कर्टच फुगून आट्यांना घट्ट बसतो. भरीव बूड फुगत नाही. ढिली असेल तर बाजूने हवा निसटणार, घट्ट असेल तर नळीतच अडकणार. त्यात भंगारातलं शिसं म्हणजे चाकाची वजनं, त्यात मिसळलेल्या अँटिमनी धातूमुळे कडक. पेलेटला शुद्ध मऊ शिसं लागतं, नखाने ओरखडा उठेल असं.

पंचवटी_आई_शूटरची

मला माप कळत नाही, पण त्या पोस्टमध्ये "घरच्या गॅसवर जुन्या कढईत" असं लिहिलंय त्याचं काय? ज्या घरात दहा-बारा वर्षांची मुलं सराव करतात तिथे शिशाचा धूर?

गोदाघाट_१०मी

ताई, बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. एकच दुरुस्ती: खरी भीती धुराची कमी आणि पुडीची जास्त. शिसं ३२७ अंशाला वितळतं, ओतायला ४०० च्या आसपास लागतं. तेवढ्यात वाफ फारशी होत नाही. पण वर राखाडी साय धरते ती शिशाचा ऑक्साईड. ती पळीने काढली, कोपऱ्यात वाळली, झाडू मारला की हवेत. ती ओट्यावर, पोळपाटावर, मुलांच्या बोटांवर जाते. त्या कढईत पुन्हा कधीच काही शिजवायचं नाही, घासून सुद्धा.

ओलं काही त्यात पडलं तर वेगळंच. ओला चमचा किंवा पावसात भिजलेला शिशाचा तुकडा वितळलेल्या शिशात गेला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि शिसं छतापर्यंत उडतं. आणि बॅटरीच्या प्लेटा तर कोणीही वितळवू नयेत. आम्ल असतंच, वर आर्सेनिक-अँटिमनीचे विषारी वायू सुटू शकतात.

सातपूर_लेथवाला

घाबरवा लोकांना. रेंजवर पेलेट भरलेल्या बोटांनी मिसळ-पाव हाणणारे इथेच आहेत, त्यांना कोणी बोलत नाही.

पंचवटी_आई_शूटरची

त्यांनाही बोलू. पेलेट ओठात धरणाऱ्यांना आधी.

कॉलेजरोड_कायदा

पोस्टच्या पहिल्या ओळीत काडतुसं आली म्हणून सांगून ठेवतो. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५: परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. कलम २ मधल्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंसुद्धा येतात. म्हणजे "प्रेस नुसता आणून ठेवलाय" हा बचाव नाही. परवान्याशिवाय बनवलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५ खाली किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. हे काडतुसाच्या रायफलवाल्यांनी गंमत म्हणूनसुद्धा करू नये. छर्र्यांवर चर्चा चालू द्या.

सराफ_बाजार_काटा

ओतकाम सोडा. खरी बचत निवडण्यात आहे. साध्या डब्या घ्या, सोनाराचा मिलिग्रॅमचा काटा घ्या, पेलेट तोला, ०.५२५ ते ०.५३५ चा ढीग वेगळा काढा. स्वस्त डबीतून मॅचची डबी निघते.

दहा_पॉइंट_नऊ

हा दुसरा अंगारा-धुपारा. आकडे मांडू. १० मीटरला पेलेट साधारण १७ मिलिमीटर खाली पडतं. वजनात १ टक्का फरक, म्हणजे ०.००५ ग्रॅम, तर वेगात अर्धा टक्का, पडण्यात १ टक्का: ०.१७ मिमी. लक्ष्यावर एक दशांश गुण म्हणजे ०.२५ मिमी. म्हणजे रात्रभर काट्याशी बसून एक दशांशही पदरात पडत नाही. तेवढ्या वेळात ५० ड्राय फायर (पेलेट न भरता नेम धरून ट्रिगर ओढणं) झाले असते.

सराफ_बाजार_काटा

आणि ज्याचं वजन ४ टक्क्यांनी घसरलंय त्याचं? जवळपास ०.७ मिलिमीटर, जवळजवळ तीन दशांश. आत हवेचा बुडबुडा असेल तर तोलही गेला. काटा त्यासाठी असतो, साहेब. पेपरात उत्तर बरोबर आलं म्हणून प्रश्न वाचायचा सोडू नका.

दहा_पॉइंट_नऊ

बरं. बाद करण्यासाठी तोला, ढीग लावण्यासाठी नको. खूश?

सराफ_बाजार_काटा

खूश. धुऊन तोलावेत, हेही लिहून ठेवा.

गोदाघाट_१०मी

धुणं कशाला?! त्यावरचा हलका थर गंज रोखायला असतो. धुतलंत की नाशिकच्या जुलैत पंधरा दिवसांत पांढरी पूड.

सराफ_बाजार_काटा

पूड धुण्याने नाही, तुमच्या लाकडी कपाटाने धरते. लाकूड आणि पुठ्ठ्यातून ॲसिटिक आम्लाची वाफ निघते, शिशाला तीच खाते. घट्ट झाकणाचा प्लास्टिक डबा, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या.

गोदाघाट_१०मी

कपाट लोखंडी आहे.

सराफ_बाजार_काटा

मग डबी पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवली असेल.

दहा_पॉइंट_नऊ

धुवायचंच तर पातळ साबणपाणी, दोनदा स्वच्छ पाणी, पंख्याखाली सुती कापडावर. चाळणीत हलवू नका, स्कर्ट चेपतात. नंतर तेल लावायचं तर अगदी नाममात्र. स्प्रिंगच्या बंदुकीत जास्त तेल गेलं की आत पेट घेतं, वेग वाटेल तसा उडतो. आता पुरे, धुण्यावर वेगळा धागा काढा.

सातपूर_लेथवाला

म्हणजे गरिबाने सराव करायचाच नाही, एवढंच निष्पन्न. दिवसाला १२० शॉट, महिन्याचे २५ दिवस, ३००० पेलेट, सहा डब्या. कुठून आणायचं?

गोदाघाट_१०मी

हा प्रश्न रास्त आहे, आधीच विचारायला हवा होता. तुमच्याच ३००० चा हिशोब करा. दोन पोकळ्यांचा साचा, मिनिटाला चार, एकही बाद नाही असं धरलं तरी साडेबारा तास. प्रत्यक्षात तिसरा हिस्सा पुन्हा पातेल्यात.

त्याऐवजी १२० पैकी ६० ड्राय फायर. तीन डब्या तिथेच वाचल्या. उरलेल्यांत स्टान्स (उभं राहणं), होल्ड (रायफल स्थिर धरणं), ट्रिगर यांच्या सरावासाठी साध्या डब्या, शेवटचे २० मॅच पेलेट. आणि चार-पाच जणांनी मिळून एकाच लॉटच्या (कारखान्यातल्या एकाच खेपेच्या) डब्या घ्या. आधी ४.४९ आणि ४.५० मिमी हेडची (पेलेटच्या डोक्याचा व्यास) एकेक डबी आणून रायफल शिकंज्यात धरून प्रत्येकी १० शॉटचे निदान तीन ग्रुप (एकाच जागी नेम धरून पाडलेली भोकं). बाहेरच्या कडा धरून ५-६ मिमीत बसलं तर तोच लॉट उचला. स्वस्तातला लॉट तुमच्या नळीला महागड्यापेक्षा बरा बसला तर नवल नाही.

सातपूर_लेथवाला

शिकंजा कोण देणार?

गोदाघाट_१०मी

लेथवाले तुम्ही.

सातपूर_लेथवाला

जबड्याला रबर लावून देतो. नळीवर आवळायचा नाही, स्टॉकला (रायफलच्या दस्त्याला) धरायचा. लॉटमध्ये माझ्या तीन डब्या धरा. आणि कुरिअर नको, कोणीतरी हातात घेऊन या.