मदत हवी आहे: आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या आणि देशाचा उपभोग खर्च, तुलना कशी करू?

वहीवाली:

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, पण जमेल तेवढं वाचून मदत करा.

आमचं गाव तासगाव तालुक्यातलं. मी सांगलीत एका पतसंस्थेत हिशोब बघते. जमा-नावे कळतं, पण अर्थशास्त्राशी संबंध बारावीनंतर सुटला.

माझे आजोबा, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. १९६८ला नोकरी लागली त्या महिन्यापासून २०१९पर्यंत त्यांनी घरखर्च लिहिला. लाल कापडी पुठ्ठ्याच्या एक्केचाळीस वह्या, पत्र्याच्या पेटीत डांबरगोळ्या घालून ठेवलेल्या. गेल्या भाद्रपदात तात्या गेले. वर्षश्राद्धाच्या आठवड्यात गावच्या वाचनालयात या वह्यांवर तू बोल, असं काका म्हणाले आणि मी हो म्हणून बसले.

ऑगस्ट १९७४चं पान उघडलंय. डाव्या बाजूला "पगार २८७". उजवीकडे रॉकेल, काडेपेटी, गूळ, चहापूड, रेशनची साखर, गिरणीचं दळण, तासगावला जाण्या-येण्याचं एसटी भाडं, आत्याच्या खोकल्याच्या औषधाची बाटली. महिन्याचा खर्च २३१ रुपये, त्यातले १५१ पोटाला. म्हणजे ६५ टक्के. खाणारी तोंडं सात. शाळेचा खर्च म्हणाल तर एक पाटी आणि पेन्सिलींचा बॉक्स.

आता ऑगस्ट २०२४. वहिनीच्या फोनमधले व्यवहार आणि किराणा दुकानाची बिलं यांवरून मी हिशोब मांडला. खर्च ३८,४०० रुपये, माणसं पाच. खाण्यावर १५,७५०, म्हणजे ४१ टक्के. धान्यावर जेमतेम १,९००. दोन पोरांची फी आणि शाळेच्या गाडीचे मिळून ४,२००. बाकी पेट्रोल, रिचार्ज, गॅस, दवाखाना.

मला व्याख्यानात सांगायचं होतं ते असं: तात्यांच्या काळात शाळा, दवाखाना सरकार बघायचं म्हणून वहीत ते खर्च नाहीत. आता सरकारने हात आखडला म्हणून ते घरावर आले. भिंतीवर लावायला एक तक्ताही करायला घेतला होता, सरकारचा खर्च खाली उतरतोय आणि घराचा वर चढतोय असा. पण आकडे शोधले तर उलटंच निघालं. जीडीपीतला, म्हणजे देशाच्या वर्षाच्या एकूण उत्पादनातला, घरांच्या खर्चाचा वाटा पन्नास वर्षांत कमी झालाय आणि सरकारच्या उपभोग खर्चाचा वाढलाय! तिथेच माझी गाडी अडली.

माझे प्रश्न:

जीडीपीच्या हिशोबातला "खासगी अंतिम उपभोग खर्च" आणि सरकार घरोघर जाऊन करतं त्या खर्चाच्या सर्वेक्षणातला "दरडोई मासिक खर्च" यांतलं आमच्या वहीशी कशाचं नातं लावायचं? जुने रुपये आजच्या रुपयांत कसे आणायचे? आमची दोन एकर जिरायत होती, ज्वारी आणि दूध घरचं होतं, ते वहीत नाहीच. त्याचं काय करू? न्हाव्याला सालाची दोन पायली ज्वारी दिल्याची नोंद आहे, तो खर्च खाण्यात धरू का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, सरकारच्या बाबतीत माझं कुठे चुकतंय?

तात्या एका पैशाचा फरक राहिला तरी रात्री कंदील लावून तो शोधत बसायचे. त्यांच्या वह्यांवर बोलताना माझ्या तोंडून चुकीचा आकडा जाऊ नये, एवढीच इच्छा आहे.

जुना गणक:

वहीवाली ताई, नमस्कार. घरोघर जाऊन खर्चाच्या प्रश्नावल्या भरण्यात माझी नोकरी गेली. तुमच्याकडे आहे ते सोनं आहे. आम्ही लोकांना "गेल्या तीस दिवसांत तेल किती आणलं" असं विचारायचो आणि ते आठवून आठवून सांगायचे. तुमच्या तात्यांनी त्याच दिवशी लिहून ठेवलंय.

तुमची वही जोडायची ती सर्वेक्षणाशी. जीडीपीतला आकडा अख्ख्या देशाचा एकत्र असतो. स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचं मानीव भाडं, म्हणजे तेच घर भाड्याने घेतलं असतं तर जे द्यावं लागलं असतं ते, त्यात धरतात, देवस्थानं आणि सेवाभावी संस्थांचा खर्चही त्यातच येतो. सर्वेक्षणात घरमालकाचं मानीव भाडं धरत नाहीत, तुमच्या वहीतही ते नाही. म्हणून घरासाठी सर्वेक्षण आणि देशाच्या चित्रासाठी जीडीपी, अशी वाटणी करा. दोन्ही एका तक्त्यात घालू नका.

हे सर्वेक्षण म्हणजे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण, त्याची पहिली फेरी १९५०ला सुरू झाली. तुमच्या कामाचे ग्रामीण भागाचे आकडे देतो. एकूण खर्चात खाण्याचा वाटा १९७२-७३ला ७२.९ टक्के होता. १९९९-२०००ला ५९.४, २०११-१२ला ५२.९, २०२२-२३ला ४६.४. त्याच्या पुढच्या वर्षी, २०२३-२४ला, तो किंचित वर जाऊन ४७ झाला. धान्याचा उतार याहून मोठा आहे: १९९९-२०००ला २२ टक्के, २०११-१२ला पावणेअकरा, २०२२-२३ला ४.९. तुमच्या घरचे १,९०० रुपये म्हणजे पाच टक्क्यांच्या आसपासच.

लोक कमी जेवतात असा याचा अर्थ नाही. धान्यावरचा पैसा दूध, फळं, अंडी, बिस्किटं-फरसाण आणि बाहेरच्या खाण्याकडे गेला. हा नियम एर्न्स्ट एंगेल या जर्मन सांख्यिकाने बेल्जियममधल्या कुटुंबांचे हिशोब तपासून १८५७मध्येच मांडला होता. मिळकत वाढली की खाण्यावरचे रुपये वाढतात, पण एकूण खर्चातला त्यांचा वाटा घटतो.

आता घरच्या ज्वारीबद्दल. ती धरायलाच हवी. सर्वेक्षणात घरच्या शेतातला माल शेतावरच्या भावाने धरतात, दुकानाच्या भावाने नाही. वहीत कुठेतरी ज्वारी विकल्याची नोंद असेल, तो भाव घ्या. न्हाव्याची ज्वारी मात्र खाण्यात घालू नका. ती त्याच्या कामाची मजुरी आहे, सेवांच्या रकान्यात टाका.

एकच महिना घेऊन कुठलंही विधान करू नका. श्रावणातलं पान आणि दिवाळीचं पान एकमेकांना ओळखही देणार नाहीत. निदान पूर्ण वर्ष घ्या.

आणखी एक. २०११-१२ नंतर एकदम २०२२-२३चे आकडे आहेत. मधल्या २०१७-१८च्या सर्वेक्षणाचा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. नव्या सर्वेक्षणात एकाच घरी एकदा जाण्याऐवजी तीन महिन्यांत तीन वेळा जातात, प्रश्नावल्याही तीन केल्या. पद्धत बदलली की आकडा थोडा तिच्यामुळेही बदलतो, हे ऐकणाऱ्यांना एका वाक्यात सांगा.

कृष्णाकाठ:

जुन्या रुपयांचं मी सांगतो. खाण्याचा वाटा टक्क्यांत सांगणार असाल तर रुपये बदलायची गरजच नाही. १९७४च्या टक्क्याला १९७४चेच रुपये लागतात. गावातल्या माणसाला टक्का लगेच कळतो, "शंभरातले पासष्ट पोटाला" म्हटलं की झालं.

रुपयांत सांगायचंच असेल तर हे उदाहरण द्या. ग्रामीण भागात माणशी महिन्याचा खर्च २०११-१२ला १,४३० रुपये होता, २०२२-२३ला ३,७७३. अडीच पटीहून जास्त. पण २०११-१२च्याच भावाने मोजला तर ३,७७३चे २,००८ होतात. खरी वाढ ४० टक्के, बाकीची महागाई. शहरात २,६३० वरून ६,४५९ आणि त्याच भावाने ३,५१०.

कराडकर:

मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो, कारण माझे विद्यार्थीही दरवर्षी इथेच अडखळतात.

"सरकारचा उपभोग खर्च" म्हणजे सरकारचा सगळा खर्च नव्हे. धरण, रस्ता, शाळेची इमारत ही गुंतवणूक झाली, ती वेगळी मोजतात. निराधारांची पेन्शन, पीएम-किसानचे वर्षाचे ६,०००, लाडक्या बहिणीचे महिन्याचे १,५०० हेही सरकारचा उपभोग नाहीत. ते नुसतं हस्तांतरण. वहिनींच्या खात्यात आलेल्या पैशातून त्यांनी तेलाचा डबा आणला की तो खर्च घरांच्या उपभोगात मोजला जातो. तुमच्या शेजारच्या विसापुरात ज्या रोजगार हमीची सुरुवात वि. स. पागे यांनी करून दाखवली, तिच्यातून पाझर तलाव झाला तर त्यावरची मजुरीही गुंतवणुकीत जाते.

मग उरतं काय? सरकार रोज जी सेवा देतं, तिचा खर्च. शिक्षक, परिचारिका, पोलीस, तलाठी, सैनिक यांचे पगार आणि औषधं, खडू, डिझेल असल्या वस्तू. सरकारी शाळेतल्या शिकवण्याला बाजारभाव नसतो, म्हणून ती सेवा तयार करायला आला तेवढा खर्च हीच तिची किंमत धरतात.

आता तात्यांच्या वहीची डावी बाजू पुन्हा बघा. "पगार २८७". ताई, तो आकडाच देशाच्या हिशोबात सरकारचा उपभोग खर्च आहे! त्या २८७ रुपयांत तात्यांनी गावातली चाळीस-पन्नास पोरं महिनाभर शिकवली. त्या पोरांच्या एकाही घरच्या जमाखर्चात तो खर्च दिसणार नाही. आणि त्याच २८७मधून तात्यांनी उजव्या बाजूला लिहिलेले २३१ हा खासगी उपभोग. देशाचे दोन्ही रकाने एका पानावर आहेत. मी असं पान आजवर पाहिलं नाही.

देशाचं चित्र सांगतो. पन्नासच्या दशकात घरांचा उपभोग जीडीपीच्या ८० टक्क्यांच्या वर होता. देश इतका गरीब की मिळेल ते बहुतेक पोटातच जाई. पुढे बचत आणि गुंतवणूक वाढली तसा हा वाटा २००७-०८च्या सुमारास साठच्या खाली गेला. आता पुन्हा थोडा वर आलाय: २०२३-२४ला ६०.२, २०२४-२५ला ६१.४. वाटा घटला तरी रुपये वाढतच होते. चीनमध्ये घरांचा वाटा चाळीसच्या आतबाहेर आहे, अमेरिकेत ६८च्या आसपास. म्हणजे वाटा मोठा असणं हे काही श्रीमंतीचं लक्षण नाही आणि गरिबीचंही नाही, त्यामागची बचत-गुंतवणूक बघावी लागते.

सरकारचा उपभोग पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला जीडीपीच्या सहा टक्क्यांच्या आसपास होता, ऐंशीच्या दशकाअखेर ११-१२पर्यंत गेला आणि तेव्हापासून बहुतेक काळ दहा-अकराच्या आसपास आहे. वेतन आयोग लागू झाला की तो उचलतो, कारण त्यात पगारच मोठा. फ्रान्स-स्वीडनमध्ये हाच वाटा पावभाग आहे. तेव्हा "सरकारने हात आखडला" हे वाक्य एकूण आकड्यांवर टिकत नाही. या दहा-अकरात संरक्षण, पोलीस, कचेऱ्या सगळं येतं, त्यामुळे शिक्षणाचं नेमकं काय झालं हे एकूण आकड्यावरून सांगताही येत नाही.

दवाखान्याचं तर उलट आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी स्वतःच्या खिशातून भरलेला वाटा २०१३-१४ला ६४.२ टक्के होता, २०२१-२२ला ३९.४. अजूनही खूप आहे, पण उतरलाय.

मग तुमच्या घरी फीचे ४,२०० का आले? कारण पोरं इंग्रजी माध्यमात गेली. घराने दुसरी शाळा निवडली, असं म्हणा.

माणदेशी:

कराडकर सर, "निवडली" या शब्दाला माझा आक्षेप आहे. आमच्या आटपाडीकडे वस्तीवरच्या शाळेत दोन शिक्षक, चार इयत्ता. त्यातला एक निवडणुकीच्या नाहीतर कुठल्यातरी माहिती भरण्याच्या कामाला. मी पोराला गाडीने दुसरीकडे धाडतो ते हौसेने नाही, शेळ्या विकून धाडतो. शिक्षकाचा पगार सरकारच्या रकान्यात पडतो, पण शिकवणं पोरापर्यंत पोचलं का, हे त्या रकान्यात कुठे लिहिलंय?

कराडकर:

माणदेशी, मान्य. सेवा खर्चाने मोजायची म्हटलं की ती किती चांगली होती हे हिशोबात येतच नाही. पगार दुप्पट झाला आणि शिकवणं तेवढंच राहिलं तरी चालू भावाने आकडा दुप्पट दिसतो. "निवडली" हा शब्द मी मागे घेतो. ताई, तुम्ही दोन्ही बाजू सांगा.

वहीवाली:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री काकांना घेऊन बसले.

फेब्रुवारी १९७५च्या पानावर "ज्वारी एक पोतं विकली, १३५" अशी नोंद सापडली. काकू म्हणाली, महिन्याला साठ किलो तरी दळायला जायची. पोतं शंभर किलोचं धरलं तर त्या भावाने ८१ रुपये होतात. ते दोन्हीकडे मिळवले तर खर्च ३१२ आणि खाणं २३२, म्हणजे ७४ टक्के. दूध अजून धरलेलं नाही. जुना गणक काका, तुमचा ७२.९ बघून अंगावर काटा आला. पण एका महिन्यावर बोलणार नाही, १९७४-७५चं अख्खं वर्ष उतरवून काढायला घेतलंय.

सरकार खाली आणि घर वर असा तक्ता रद्द केला. त्याऐवजी ऑगस्ट १९७४चं ते एक पान मोठं करून लावणार आहे, डावीकडे "सरकारचा उपभोग", उजवीकडे "घराचा उपभोग". काका स्वतः तात्यांच्याच वर्गात शिकलेत. ते म्हणाले, डाव्या बाजूखाली त्या वर्षीच्या पटावरच्या पोरांची नावं लिहू. त्यातले नऊजण अजून गावात आहेत. आज त्याच शाळेचा पट चौदा आहे, तेही लिहिणार. माणदेशी दादा, तुमचा प्रश्न मी सभेत तुमच्याच शब्दांत वाचून दाखवला तर चालेल का?

एक अडचण अजून आहे. १९८३च्या वहीत जून आणि जुलैची पानं वाळवीने खाल्लीत. मागच्या-पुढच्या महिन्यांची सरासरी काढून भरू का?

जुना गणक:

भरू नका. जूनमध्ये शाळा सुरू होते, बियाणं लागतं, कौलं शाकारतात. तो महिना सरासरीत बसत नाही. दहा महिन्यांचाच हिशोब सांगा आणि पानं वाळवीने खाल्ली हेही सांगा.

माणदेशी:

वाचा ताई. तारीख कळवा, मी येतो.

वहीवाली:

येत्या शनिवारी संध्याकाळी सहाला. एसटीने आलात तर काका स्टँडवर घ्यायला येतील.