'व्हिडिओ कसा वाटला?' हे विचारणं मी बंद केलंय. तुमचं मत काय?

निफाडचा_बागायतदार

गेली चार वर्षं मी द्राक्षबागेवर मराठीत छोटे व्हिडिओ करतोय. खरड छाटणी, गोडी छाटणी (फळासाठीची), विरळणी असे विषय. यंदा पहिल्यांदाच एक व्हिडिओ चॅनेलवर टाकण्याआधी चाचणी म्हणून दाखवला. त्यातून जे कळलं ते मांडतोय. यावर आमच्या गटातच दोन तट पडलेत, म्हणून इथेही वाद व्हावा अशी मनापासून इच्छा आहे.

व्हिडिओ सव्वासहा मिनिटांचा. विषय एकच: सबकेन (काडीचा शेंडा खुडल्यावर गाठीपासून पुढे फुटलेली काडी) असलेल्या काडीवर गोडी छाटणीचा काप कुठे घ्यायचा, आणि मग डोळ्यांवर, म्हणजे जिथून नवा फुटवा येतो तिथे, ते फुटावेत म्हणून पेस्ट कशी लावायची. आमच्या काड्या तपासून आणल्यावर गाठीच्या पुढे एक डोळा राखायचं ठरलं होतं, तेच व्हिडिओत सांगितलं. कच्ची प्रत फोनवर घेतली आणि पाच शेतकऱ्यांना शेडमध्ये एकेकट्याला दाखवली.

आधी विचारलं, कसा वाटला? पाचही जण म्हणाले, एक नंबर. एक जण म्हणाला, "आवाज क्लिअर आहे भाऊ, टाकून द्या." मग मी बागेतून तोडून आणलेली काडी आणि कात्री पुढे केली. म्हटलं, आता काप कुठे घ्याल ते दाखवा. पाचांतल्या तिघांनी कात्री थेट गाठीवर टेकवली. म्हणजे जो डोळा राखायचा तोच गेला असता.

कारण मग पुन्हा व्हिडिओ पाहिल्यावर सापडलं. काप घेताना माझ्या डाव्या हाताचा अंगठा नेमका त्या डोळ्यावर होता. मी तोंडाने 'गाठीपुढे एक डोळा' म्हणत होतो आणि चित्रात डोळाच नव्हता. एडिटिंग करताना हा शॉट मी पंचवीसेक वेळा तरी पाहिला असेल. डोळा कुठे आहे हे मला आधीच माहीत होतं, त्यामुळे तो झाकला गेलाय हे माझ्या लक्षातच आलं नाही.

दुसरी गोष्ट पेस्टची, आणि ही मला जास्त लागली. पेस्टमधलं हायड्रोजन सायनामाइड विषारी आहे, हातमोजे घालूनच लावायचं, आणि ते हाताळण्याच्या आधी-नंतर दारू अजिबात घ्यायची नाही, नाहीतर त्रास कितीतरी वाढतो. हे मी शेवटच्या वीस सेकंदांत सांगितलं होतं, मागे संगीत सुरू झाल्यावर. दारूचं एकालाही आठवलं नाही. हातमोज्यांचं एकाला आठवलं, तेही मी विचारल्यावर.

त्यामुळे माझं मत असं झालंय की चाचणीच्या व्हिडिओनंतर मत विचारूच नये. आपल्या गावात समोरच्याला तोंडावर 'जमलं नाही' म्हणत नाहीत. चहा आपला, शेड आपली, आणि ओळख तीन पिढ्यांची. त्याला काम करून दाखवायला सांगावं आणि आपण गप्प बसावं. गप्प बसणं सगळ्यात अवघड. तो चुकायला लागला की आपल्या तोंडून 'अहो, तसं नाही' निघतंच, आणि तिथे चाचणी संपते.

---

थंबनेलवाला

भाऊ, कळकळ पोचली, पण मी पूर्ण विरोधात आहे.

छाटणी सुरू व्हायला आठ दिवस राहिले की लोक व्हिडिओ शोधतात. तुम्ही पाच जणांना गाठणार, पुन्हा शूट करणार, पुन्हा दाखवणार. तोवर अर्ध्या तालुक्याची छाटणी उरकलेली असेल. व्हिडिओ टाका आणि यूट्यूब स्टुडिओतला आलेख बघा. पहिल्या तीस सेकंदांत किती टिकले, कुठे सोडून गेले, सगळं दिसतं. जिथे रेघ वर उडी मारते तिथे लोक मागे जाऊन पुन्हा बघतायत. थंबनेलचंही तेच, एका व्हिडिओला तीन लावून बघता येतात आणि कुठल्यामुळे लोक जास्त वेळ बघतात ते यूट्यूबच सांगतं. तिथे कोणी तुमचा चहा पिऊन खोटं बोलत नाही. पाच ओळखीच्या माणसांवरून निष्कर्ष काढण्यापेक्षा हजार अनोळखी माणसांचं वागणं मला जास्त खरं वाटतं.

---

निफाडचा_बागायतदार

आलेख मीही बघतो आणि त्याची किंमत मला आहे. पण त्या तिघांपैकी एकानेही व्हिडिओ मागे नेला नव्हता. त्यांना समजलंय असंच वाटलं होतं. तुमच्या आलेखात ते शेवटपर्यंत टिकलेले उत्तम प्रेक्षक दिसले असते, आणि डोळा मात्र कापला गेला असता.

शिवाय टाकलेल्या व्हिडिओतला भाग छाटता येतो, पण त्याच लिंकवर नवी फाइल चढवता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर उतरवून घेतलेली प्रत तर परत बोलावताच येत नाही. गोडी छाटणीतली चूक पुढच्या आठवड्यात दुरुस्त होत नाही हो, वर्षाचं पीक त्या कापावर आहे.

---

पेठची_लेक

तुमचा हेतू चांगला आहे, दादा. पण तुम्ही चुकीच्या माणसांना दाखवलंत.

निफाड-दिंडोरीच्या बागांमध्ये छाटणीच्या दिवसांत कात्री कोणाच्या हातात असते? पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मजुरांच्या टोळ्यांच्या. माझे दोन काका आणि चुलतभाऊ दरवर्षी जातात. तुम्ही काडी दिलीत ती मालकांच्या हातात. ते बागेत उभे राहून सांगणार, आणि सांगितलेलं चौथ्या ओळीपर्यंत जाताना काय होतं ते मी ऐकलंय. पेस्टही तेच लावतात. दारूचा इशारा पहिल्यांदा कोणाच्या कानावर पडायला हवा, हे वेगळं सांगायला नको.

आणि भाषा. तुमच्या व्हिडिओत 'सबकेन' किती वेळा आला? काका फक्त 'गाठ' म्हणतात. हा शब्द त्यांच्यापुढे बोलून बघा आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघा, आणखी काही विचारायची गरजच पडणार नाही.

---

निवृत्त_कृषी_सहायक

हा वाद महाराष्ट्राने एकदा घालून झालाय, म्हणून लिहितो. 1956 साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांसाठी रेडिओ मंडळांचा प्रयोग केला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली दीडशेच्या आसपास गावं. आठवड्यातून दोनदा, एकूण वीस कार्यक्रम. गावकरी एकत्र बसून ऐकायचे, मग त्यावर चर्चा, आणि निमंत्रक चर्चेचा अहवाल नि प्रश्न आकाशवाणीकडे पाठवायचा. पुढच्या कार्यक्रमांत त्या प्रश्नांना उत्तरं मिळायची.

खरी शहाणपणाची गोष्ट पुढे आहे. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने त्याचं मूल्यमापन केलं, तेव्हा फक्त मंडळांची गावं तपासली नाहीत. रेडिओ आहे पण मंडळ नाही अशीही गावं घेतली, आणि रेडिओच नाही अशीही. मंडळांच्या गावांत माहिती भरपूर वाढलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती वाढ फारच थोडी होती. नुसतं कानावर पडून भागलं नव्हतं.

म्हणून निफाडकर, एका मुद्द्यावर मी तुमच्या विरुद्ध जातो. एकेकट्याला दाखवणं चूक शोधायला बरोबर आहे. पण माणूस शिकतो चौघांत बोलून. एक चाचणी एकट्याची घ्या, दुसरी गटाची. गटात कोण कोणाला काय समजावून सांगतो ते टिपून घ्या. शेतकऱ्याने शेतकऱ्याला सांगितलेलं वाक्य तुमच्या वाक्यापेक्षा बहुतेक वेळा सरस असतं. ते उचला आणि व्हिडिओत घाला.

---

कथेकरी

मी मुलांसाठी मराठी गोष्टी सांगण्याचे व्हिडिओ करते. काडी-कात्रीचं मला पटलं, पण ही पद्धत सगळीकडे लावू नका अशी विनंती आहे.

मागच्या वर्षी एका गोष्टीची कच्ची प्रत आठ पालकांना पाठवली होती. कोणी म्हणालं लांब आहे, कोणी म्हणालं आजीचं बोलणं समजत नाही, कोणी म्हणालं शेवट दुःखी नको. मी सगळं ऐकलं. आजीचं मालवणी काढलं, शेवट गोड केला, दीड मिनिट कापलं. जे उरलं ते कोणाचंच नव्हतं. ती गोष्ट मला माझ्या आजीने कुडाळला सांगितली होती आणि तिच्यात आजीच उरली नाही. तो व्हिडिओ मी काढून टाकला.

छाटणीला बरोबर आणि चूक असतं. गोष्टीला तसं नसतं. प्रेक्षकाला आधी विचारलं की तो त्याला माहीत असलेलंच मागतो.

---

बालवाडीताई

कथेकरी, तुमचं दुःख कळलं. पण तुम्ही पालकांना विचारलंत, मुलांना दाखवलं नाहीत!

अमेरिकेतल्या 'सेसमी स्ट्रीट' या लहान मुलांच्या टीव्ही मालिकेचं उदाहरण सांगते. 1969 च्या जुलैत, प्रत्यक्ष प्रसारणाआधी, त्यांनी एकेक तासाचे पाच भाग फक्त चाचणीसाठी बनवले आणि फिलाडेल्फियातल्या लहान मुलांना दाखवले. त्यांच्या संशोधन विभागाचे प्रमुख एडवर्ड पामर यांची तपासायची पद्धत बघा. टीव्हीशेजारी एक पडदा, त्यावर दर साडेसात सेकंदांनी बदलणारी चित्रं. मूल टीव्ही सोडून चित्रांकडे कधी वळतं ते टिपायचं. मुलांना एक प्रश्न विचारायचा नाही.

निघालं असं की बाहुल्या आल्या की मुलं खिळून बसायची आणि रस्त्यावरची नुसती माणसं आली की नजर भटकायची. तज्ज्ञांनी तर बजावलं होतं की खरी माणसं आणि बाहुल्या एकत्र आणू नका, मुलं गोंधळतील. चाचणी पाहून तो सल्ला बाजूला ठेवला, आणि रस्त्यावर माणसांसोबत वावरणारा बिग बर्ड हा भलामोठा बाहुला-पक्षी आला. त्या चाचणीने काही काढून टाकलं नाही, उलट नवं पात्र दिलं. तुमच्या आजीची परीक्षा मुलांसमोर झाली असती तर कदाचित मालवणी ऐकताना मुलं पुढे सरकून बसलेली दिसली असती.

---

कथेकरी

पुढे सरकून बसतीलही. आणि एखाद्या ठिकाणी मुलं चुळबुळ करतील, म्हणून मी तो भाग कापू का? गोष्टीत संथ जागा लागतात. आजी मध्येच थांबून दिव्याची वात सारखी करायची, तेव्हा आम्हीही चुळबुळायचो. त्या चुळबुळीतच पुढच्या प्रसंगाची भीती तयार व्हायची. साडेसात सेकंदांच्या चित्राने ती जागा नापास ठरवली असती. मुलांना दाखवायला मी तयार आहे, ताई. पण टिपून घेतलेल्या प्रत्येक गोष्टीवर कात्री चालवणार नाही.

---

एकदा_हात_पोळलेला

चाचणीची प्रत पाठवणाऱ्यांना कळकळीचं सांगणं. अनलिस्टेड व्हिडिओ म्हणजे खाजगी नव्हे. ज्याच्याकडे लिंक आहे तो कोणीही बघू शकतो आणि पुढे पाठवू शकतो. मी फवारणीच्या मात्रेचा कच्चा व्हिडिओ चौघांना दिला होता. त्यात एक आकडा चुकला होता. दोन दिवसांनी तोच व्हिडिओ दुसऱ्या तालुक्यातल्या गटात फिरताना दिसला. तेव्हापासून पूर्ण चित्रावर आडवं 'चाचणी प्रत, वापरू नये' असं लिहितो, आणि औषधाची मात्रा असेल तर लिंक देतच नाही. माझ्याच फोनवर, मी समोर बसून.

---

निफाडचा_बागायतदार

पेठची लेक, तुमचं वाचून मी काल आमच्याकडे आलेल्या टोळीच्या मुकादमाशी बोललो. आठ जण बसायला तयार झाले. अर्ध्या तासाची मजुरी मी देणार आहे. आमच्या गटातले काही म्हणतात, पैसे दिले की माणूस गोडच बोलेल. बोलू दे, मी बोलणं विचारणारच नाहीये. काडी हातात देणार आणि बघणार.

व्हिडिओ बदलला आहे. काप आता दुसऱ्या बाजूने घेतलाय, अंगठा खाली आणि डोळ्यावर चुन्याचा ठिपका. 'सबकेन' एकदाच, बाकी सगळीकडे 'गाठ'. हातमोजे आणि दारूचं आता पहिल्या मिनिटात, संगीताशिवाय, आणि शक्य झालं तर तुमच्या काकांसारख्या एखाद्या अनुभवी माणसाच्या तोंडून. चौघे एकेकटे बघतील, चौघे एकत्र, कृषी सहायकसाहेबांनी सांगितलं तसं.

थंबनेलवाले, आठ दिवसांचा तुमचा मुद्दा खरा आहे. पुढच्या वर्षीची कच्ची प्रत याच हंगामात शूट करून ठेवणार आहे. एकच अडचण उरलीय. शेडमध्ये सावली आहे, पण टोळी फोन बघते ती दुपारच्या जेवणाला, बांधावर, भर उन्हात. तिथे स्क्रीनवर तो चुन्याचा ठिपका दिसतो का, ते उद्या साडेबाराला बघतो आणि इथे लिहितो.