कृत्रिम गुडघ्याचं लॉक

सांधा हवा तेव्हा मोकळा, हवा तेव्हा घट्ट, असा कुठे लागतो? तर मांडीपासून पाय गेलेल्यांच्या कृत्रिम गुडघ्यात. माझ्या मामांचा पहिला गुडघा खटक्याचा होता, चालताना लॉक, बसताना खटका ओढून मोकळा, पण ताठ पायाने चालताना प्रत्येक पावलाला कंबर उचलावी लागायची आणि संध्याकाळी पाठ भरून यायची.

‘जयपूर नी’ (Jaipur Knee) नावाचा कृत्रिम गुडघा मात्र एकमेकींना जोडलेल्या चार दांड्यांचा आहे, त्यात वेगळा खटकाच नाही! पाय सरळ असताना गुडघा ज्याभोवती फिरतो तो बिंदू वजनाच्या रेषेच्या (शरीराचं वजन ज्या रेषेत जमिनीकडे जातं तिच्या) मागे राहतो म्हणून वजनानेच गुडघा सरळ राहतो, वाकायला लागला की तो बिंदू पुढे सरकतो नि पाय सहज दुमडतो. ही भूमिती मला फार आवडते.