विषय: बाबांच्या नव्या फोनवर जीवन प्रमाण उतरत नाहीये (तातडीचं)

प्रसाद, सोमवार रात्री ९:१०

मंडळी, इथून न्यू जर्सीहून मावशींबरोबर बाबांना मिरजेला नवा फोन पाठवला होता, त्याचीच अडचण आहे. हयातीचा दाखला ३० नोव्हेंबरच्या आत गेला नाही तर डिसेंबरपासून पेन्शन थांबते. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीनच आठवडे झालेत, जिने उतरून बँकेत जाणं शक्य नाही. म्हणून चेहऱ्यावरून करायचं ठरवलं. त्याला जीवन प्रमाण (हयातीच्या दाखल्याचं सरकारी अ‍ॅप) आणि आधार फेस आरडी (आधारवरून चेहरा ओळखणारं) ही दोन्ही अ‍ॅप लागतात. इन्स्टॉल दाबलं की ‘पेंडिंग’ येतं आणि तिथेच राहतं. बाबा म्हणतात, “नुसतं गोल फिरतंय रे.” त्यांच्या बँकेचं अ‍ॅप तर शोधूनही दिसत नाही. कोणी केलंय का हे?

अण्णा, सोमवार रात्री ९:३२

फोन बंद करून चालू केला का? आतमध्ये जागा किती शिल्लक आहे ते बघ. अँड्रॉइड फार जुनं नको आणि कॅमेरा निदान ५ मेगापिक्सेलचा हवा, पण नव्या फोनला ती अडचण नसावी. तारीख-वेळ आपोआप वर आहे ना? न्यू जर्सीत सुरू केलेला फोन तिकडे गेला की कधी कधी वेळ चुकीची राहते आणि मग प्ले स्टोअर अडून बसतं.

मेधा, सोमवार रात्री ९:५०

प्रसाद, फोन पाठवण्याआधी तू कोणत्या गूगल खात्याने सुरू केला होतास? स्वतःच्या असेल तर बँकेचं अ‍ॅप न दिसण्याचं कारण तेच. प्ले स्टोअर खात्याचा देश बघतं. तुझ्या खात्याला इथलं कार्ड जोडलेलं आहे, म्हणजे फोन मिरजेत असला तरी दुकान अमेरिकेचं. देश बदलायला जाऊ नकोस, तो वर्षातून एकदाच बदलता येतो आणि मग तुझीच पंचाईत होईल. बाबांचं स्वतःचं खाते त्याच फोनवर दुसरं म्हणून जोड. मग प्ले स्टोअरमध्ये वर उजवीकडच्या गोलावर बोट ठेवून त्यांचं खातं निवडायचं. माझ्या सासूबाईंच्या फोनवर मी गेल्या उन्हाळ्यात अख्खा रविवार यातच घालवला.

नाना, सोमवार रात्री १०:१५

एवढं कशाला करायचं? पोस्टमनला बोलवा. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेची ही सेवा २०२० पासून आहे, ७० रुपये घेतात आणि घरी येऊन अंगठा घेऊन दाखला करून देतात. माझ्या थोरल्या बंधूंचा दोन वर्षं तसाच होतोय. मिरजेत पोस्टमन ओळखीचाच असणार. फोनच्या नादात म्हाताऱ्या माणसाला रात्रंदिवस व्हिडिओ कॉलवर बसवू नये, हे माझं स्पष्ट मत.

श्रुती (ज्येष्ठ कट्टा), सोमवार रात्री १०:४०

प्रसाद, बाबांना लवकर बरं वाटू दे. एक विनंती सगळ्यांनाच करते. फोनच्या अडचणींसाठी दर दुसऱ्या शनिवारी ग्रंथालयात कट्टा भरतो आणि त्याची वेगळी लिस्ट आहे. इथे पाच जण पाच उपाय सांगतात आणि पुढच्या माणसाला नेमका कोणता लागू पडला ते कळतच नाही. हयातीच्या दाखल्याची पायऱ्यांची चित्रं आम्ही मागच्या ऑक्टोबरमध्ये केली होती, ती कट्ट्याच्या फोल्डरमध्ये आहेत.

अण्णा, सोमवार रात्री १०:५२

श्रुती, कट्ट्याबद्दल आदर आहेच. पण पुढचा शनिवार येईपर्यंत ३० तारीख उलटून जाईल. आणि ती चित्रं जुन्या अ‍ॅपची आहेत, मी उघडून बघितली आहेत.

श्रुती (ज्येष्ठ कट्टा), सोमवार रात्री ११:०५

जुनी आहेत हे कोणी सांगितलं असतं तर बदलली असती. अण्णा, तुम्हीच या ना शनिवारी, दोघं मिळून नवीन करू.

संदीप, मंगळवार सकाळी ७:२०

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर कोणीतरी जीवन प्रमाणची फाइल टाकली आहे. प्ले स्टोअर नाही चाललं तर ती थेट व्हॉट्सअ‍ॅपवर बाबांना पाठव, उघडली की बसते. टाकू का इथे?

मेधा, मंगळवार सकाळी ७:२८

संदीप, नको. कृपया टाकूच नकोस, आणि ग्रुपवरूनही काढायला सांग. नोव्हेंबर आला की पेन्शनरांना गाठायला अशाच फाइली फिरतात. ती बसवली की फोनवरचे एसएमएस दुसऱ्याला वाचता येतात, ओटीपीसकट. ज्यांच्या खात्यात आयुष्यभराची पुंजी आहे त्यांच्या फोनवर प्ले स्टोअरबाहेरचं काहीही नको. प्रसाद, ‘बँकेतून बोलतोय, दाखला अडकलाय’ असा फोन आला तर ठेवून द्यायचा, हेही बाबांना आजच सांग.

संदीप, मंगळवार सकाळी ७:४१

बरोबर आहे. काढायला सांगितलं.

प्रसाद, मंगळवार रात्री ९:०५

मेधा, खातं माझंच होतं. बाबांचं जोडलं, बँकेचं अ‍ॅप लगेच दिसायला लागलं. पेंडिंगचं कारण मात्र वेगळं निघालं. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलमध्ये स्क्रीन दाखवायची सोय आहे, ती वापरली. प्ले स्टोअरमध्ये ‘अ‍ॅप आणि डिव्हाइस व्यवस्थापन’ उघडलं तर माझ्या जुन्या फोनवरची एकतीस अ‍ॅप रांगेत उभी! धावण्याचं, पार्किंगचं, मुलांच्या शाळेचं, सगळं. आणि डाउनलोड फक्त वाय-फायवर, असं मीच इथे ठरवून दिलेलं. मिरजेच्या घरात वाय-फाय नाही. रांग रद्द केली, नेटवर्कच्या पर्यायात ‘कोणतंही नेटवर्क’ केलं आणि दोन्ही अ‍ॅप उतरली.

पण आता आधार फेस आरडी गायब आहे. जीवन प्रमाणचं चिन्ह दिसतं, याचं कुठेच नाही. बाबांनी तीनदा काढून परत टाकलं. आई म्हणाली, “जाऊ दे आता, त्यांना जेवू दे.” नाना, पोस्टात निरोप दिलाय, पण पोस्टमन गुरुवारी येतील म्हणे.

अण्णा, मंगळवार रात्री ९:२०

जागा बघितलीस का?

नाना, मंगळवार रात्री ९:२४

गुरुवार म्हणजे परवाच. थांबा की.

माई, मंगळवार रात्री १०:३०

प्रसाद बाळा, काढू नको ते. ते आहे तिथेच. आधार फेस आरडीला चिन्हच नसतं, ते उघडून वापरायचं अ‍ॅप नव्हे. सेटिंगमध्ये अ‍ॅपच्या यादीत जा, तिथे नाव दिसेल. दिसलं की झालं. जीवन प्रमाण त्याला आपणहून हाक मारतं.

मी गेल्या वर्षी रत्नागिरीत असताना असाच अर्धा दिवस घालवला. शाळेत तीस वर्षं खडू धरला आणि घरी भांडी घासली, अंगठ्याच्या रेघा उरल्या नाहीत. बँकेच्या मशीनवर तीनदा ठेवला, तीनदा लाल दिवा. तिथला मुलगा म्हणाला, आजी, कोमट पाण्यात हात बुडवून उद्या या. उद्याही तेच. नाना, तुमच्या बंधूंचा अंगठा लागतो ही देवाची कृपा समजा, सगळ्यांचा नाही लागत. शेवटी भाचीने चेहऱ्यावरून केलं.

आता नीट ऐक. आधी ते ‘ऑपरेटर’, म्हणजे दाखला भरून देणारा कोण, ते विचारतं, तिथे बाबांचाच आधार नंबर आणि बाबांचाच चेहरा चालतो. मग पेन्शनर म्हणून परत एकदा. पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर आणि खाते क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरात लिहून आईंच्या हातात दे. चष्मा काढायचा, खिडकीकडे तोंड करून बसायचं, पाठीमागे उजेड नको. गोल हिरवा झाला की डोळे मिटून उघडायचे. माझी मान हलत होती म्हणून दोनदा नापास झालं, तिसऱ्यांदा भाचीने पाठीला उशी लावली.

प्रसाद, बुधवार रात्री ९:४८

माई, झालं!! सेटिंगमध्ये नाव होतंच. आईने स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची ओढली, बाबांचा पाय स्टुलावर, पाठीला उशी. पहिल्या वेळी बाबांनी डोळे इतके घट्ट मिटले की गोल परत लाल झाला. दुसऱ्यांदा बरोबर. तिकडे सकाळचे सव्वाआठ झाले होते तेव्हा प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या क्रमांकाचा, एसएमएस आला. बाबांनी तो तीनदा मोठ्याने वाचून दाखवला आणि आईने वहीत लिहून ठेवला. पोस्टमनला नको म्हणून कळवलंय, चहाला मात्र या म्हटलंय.

श्रुती, मी केलेल्या स्क्रीनची चित्रं तुला पाठवतोय, फेस आरडीचं चिन्ह नसतं हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिही.

श्रुती (ज्येष्ठ कट्टा), बुधवार रात्री १०:०२

मिळाली. माई, शनिवारी तुम्ही सांगाल का सगळ्यांना? गाडीने न्यायला मी येते.

माई, बुधवार रात्री १०:१५

येईन. दहाच्या आधी नको, पूजा असते.

नाना, गुरुवार सकाळी ६:५०

माई, बंधूंनी आजच कळवलं की या वेळी त्यांचा अंगठा लागला नाही. तो ऑपरेटरचा भाग जरा परत लिहाल का? त्यांच्या फोनवर सुनेचं खातं आहे.