एकटी बजरी अंड्यांवर अंडी घालतेय, वरून हा उन्हाळा – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी अमळनेरची. घरात एकच बजरी आहे (दुकानात लव्हबर्ड म्हणून देतात तीच), लेकीने नाव ठेवलंय चिंगी. चोचीवरचा भाग तपकिरी, म्हणजे मादी. नर नाही, तरी मडक्यात एकाआड दिवस अंडं घालते. काढून टाकलं की दुसरं तयार! सासूबाई म्हणतात, जोडीला नर आणा.

खायला कांग (राळा), बाजरी आणि रोज पालक. कॅल्शियमसाठी समुद्रफेस (माकुळाचं पांढरं हाड) टांगलाय, पण चोच लावत नाही. विष्ठा एकदम मोठी नि वासाची झालीय. दुपारी चोच उघडी टाकून, पंख अंगापासून सुटे धरून धापा टाकते. हे अंड्यांमुळे की उन्हामुळे? पिंजरा कूलरसमोर ठेवू का? इथल्या दवाखान्यात सगळी म्हशी-शेळ्यांची गर्दी. पक्षीवाल्याने पाण्यात टाकायला टेट्रासायक्लिन दिलंय, ते अजून तसंच ठेवलंय.

पांझराकाठ : ताई, ती पुडी देऊच नका. रोग माहीत नसताना अँटिबायोटिक कशाला? त्यात कॅल्शियम आणि टेट्रासायक्लिन एकमेकांना बांधून ठेवतात, आणि चिंगीला आत्ता कॅल्शियमचीच गरज आहे. पालकातल्या ऑक्झलेटमुळेही ते अंगी लागत नाही, त्याऐवजी मेथी, शेवग्याचा पाला द्या. कोंबडीच्या अंड्याचं कवच उकळून, वाळवून, बारीक कुटून दाण्यांवर भुरभुरा.

अंडी काढू नका. काढली की ती भरपाई करत बसते. नर नसल्याने पिल्लं निघणार नाहीत, साधारण तीन आठवड्यांत कंटाळून उठेल. मग अंडी आणि मडकं दोन्ही हलवा. नर आणलात तर अंडी थांबायची नाहीत, उलट वाढतील. संध्याकाळी लवकर पिंजरा झाकून दहा-बारा तास अंधार द्या, पण हवा खेळती ठेवा. लांबलेल्या दिवसानेही अंड्यांना जोर येतो. अंड्यांवर बसलेली मादी विष्ठा धरून ठेवते, म्हणून ती मोठी.

धापा उन्हाच्याच वाटतात. कूलर खोलीत चालू द्या, झोत अंगावर नको. अंघोळीला उथळ ताटलीत पाणी ठेवा.

पण पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसली, कुंथतेय, श्वासागणिक शेपटी वरखाली होतेय असं दिसलं तर अंडं अडकलंय समजा. तिथे घरगुती उपाय चालत नाहीत, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

चिंगीची आई : खूप आभार भाऊ. पुडी फेकली. सासूबाईंना समजावणं तेवढं अवघड आहे. दोन शंका राहिल्या : मडकं काढल्यावर ती दाण्याच्या खोल वाटीत जाऊन बसली तर? आणि जळगाव किंवा धुळ्यात पक्षी तपासणारे डॉक्टर आहेत का?

पांझराकाठ : वाटी बदलून उथळ, पसरट ठेवा, आणि आरसा असेल तर तोही काढा. डॉक्टरांचं धुळ्यात विचारून संध्याकाळी इथेच लिहितो.