निर्जन प्रवाळबेटांवर माणसाने जावे का?

दर्यावेडी: माझे मत स्पष्ट आहे. ज्या प्रवाळबेटांवर आज कुणी राहत नाही, तिथे पर्यटक, संशोधक, दुर्गम बेटांवरून छंद म्हणून रेडिओ संदेश पाठवायला जाणारे हौशी रेडिओवाले, कुणालाच उतरू देऊ नये. पॅसिफिकमधले हेंडरसन बेट पाहा. सर्वात जवळची वस्ती पिटकेर्न बेटावर, १९० किमी दूर. तरी २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिथल्या किनाऱ्यांवर प्लास्टिकचे अंदाजे पावणेचार कोटी तुकडे असल्याचे दिसले. माणूस न राहता ही गत!

कातळ: सहमत नाही. मुळात 'निर्जन' हा शब्दच फसवा आहे. हेंडरसनवर पूर्वी पॉलिनेशियन लोक राहून गेलेत. पॅसिफिकमधल्याच क्लिपर्टन बेटाची कहाणी तर विसरता येत नाही. मेक्सिकोपासून हजार किमीहून लांब, मधल्या सरोवराला कड्यासारखी वेढणारी जमीन, बस्स. १९१४ मध्ये मेक्सिकन क्रांतीच्या धामधुमीत रसदीची जहाजे थांबली आणि तिथली मेक्सिकन सैन्याची तुकडी कुटुंबांसह अडकली. स्कर्व्हीने (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने) माणसे जात राहिली. जुलै १९१७ मध्ये अमेरिकी युद्धनौका पोचली तेव्हा उरल्या होत्या चार बायका आणि सात मुले. (१९३१ मध्ये मेक्सिको आणि फ्रान्सच्या वादात लवाद म्हणून इटलीच्या राजाने ते बेट फ्रान्सला दिले. बेट कुणाचे हे ठरले, त्या बायकांचे काय झाले ते कोण विचारतो?) मागे डुकरे राहिली. त्यांनी खेकडे आणि पक्ष्यांची अंडी फस्त केली. १९५८ मध्ये एका अमेरिकी पक्षितज्ज्ञाने ती डुकरे मारली आणि बूबी पक्षी पुन्हा हजारोंनी वाढले. तो गेलाच नसता तर?

दर्यावेडी: पुढचेही सांगा. नंतर तिथे उंदीर आले, फुटलेल्या जहाजांवरून आले असे मानतात. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या बेटाजवळून जाणारी प्रत्येक बोट हा धोकाच आहे.

भरतीओहोटी: पॅसिफिकमधल्याच पाल्मायरा या प्रवाळबेटावर २०११ मध्ये विष टाकून उंदीर संपवले. नंतर स्थानिक झाडांची रोपे भराभर उगवली. पण त्या विषाचा अंश खेकड्यांत आणि माशांतही सापडला, हे लपवू नये.

कातळ: लपवत नाही. पण आपण आणलेले उंदीर आपोआप जाणार नाहीत. बेटाला कुलूप लावले तर आत उंदीरच राज्य करतील.

दर्यावेडी: हा मुद्दा मान्य. उंदीर काढायला जाणाऱ्यांना माझी हरकत नाही, सामान कसून तपासून जावे. रेडिओवाल्यांना मात्र अजूनही आहे.